दोन आठवड्यांची वही: नोकरीपायी मन थकतं तेव्हा नेमकं काय करायचं

ठाणे स्टेशनच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर एका संध्याकाळी मी वाशीच्या तीन लोकल सोडल्या. दार समोर होतं, चढायला जागाही होती, पण पाय उचलेना. छातीत धडधड, तळहात गार. हार्ट अटॅकच असणार असं वाटून मी रिक्षा करून दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "झोप किती होते?" मला सांगता आलं नाही. खरंच माहीत नव्हतं.

तेव्हा मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीची टीम लीडर होते. त्यानंतर वर्षभर मी स्वतःलाच बोल लावत राहिले: बाकीच्यांना जमतं, मलाच का जमत नाही? पुढे मी एचआरमध्ये आले, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले, आणि तेच वाक्य दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू लागले. "मॅडम, मीच कमी पडतोय." हे म्हणणाऱ्या माणसाचं काम कसं आहे, किती आहे, कुणाच्या हाताखाली आहे, हे आजवर कुणी मोजलेलं नसतं. त्यानं स्वतःही नाही. म्हणून सुरुवात मोजण्यापासून करूया.

त्याआधी एक गोष्ट. जीव नकोसा वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर खालच्या कुठल्याही पायरीसाठी थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरातल्या एका तरी माणसाला आत्ता सांगा आणि एकटे राहू नका.

वही कशी लिहायची

साधी शंभर पानी वही घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या मेलमध्ये हे लिहू नका, ही नोंद तुमची खाजगी आहे. चौदा दिवस, रोज रात्री किंवा शिफ्टनंतर पाच मिनिटं द्या. घरातून किती वाजता निघालात आणि घरात पाऊल कधी टाकलंत. काम खरोखर कधी सुरू झालं आणि कधी संपलं. पंचिंगची वेळ वेगळी लिहा, कारण लॉगआउटनंतरची पाऊण तासाची "फक्त एक शीट" त्यात दिसत नाही. कामाचा शेवटचा मेसेज किती वाजता आला. झोप किती तास झाली. मग दोनच वाक्यं: आज सगळ्यात जास्त कशानं पोखरलं, आणि आज कशानं बरं वाटलं.

हे दुसरं वाक्य टाळू नका. ज्या दिवशी ते सुचत नाही, त्या दिवशी "काही नाही" असं लिहा. चौदापैकी किती दिवस "काही नाही" लिहिलंय, हे पुढे डॉक्टरांना सांगायला फार उपयोगी पडतं.

चौदा दिवस अशासाठी की एका आठवड्यात पाळी बदलत नाही, महिनाअखेर येत नाही, साहेबाचा मूड कळत नाही. शिवाय नैराश्याची प्राथमिक चाचपणी करणारी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली "गेल्या दोन आठवड्यांत" असाच प्रश्न विचारते. म्हणजे तुमची वही त्यालाही जुळते.

अकाउंट्समधला एक मुलगा बदलापूरहून महापेला यायचा. पगाराच्या कागदावर त्याचं काम नऊ तासांचं. वहीत दिसलं ते असं: सकाळी सव्वासातला घर सोडायचं, ठाण्याला गाडी बदलायची, घणसोलीला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, आणि रात्री पावणेदहाला घरी. झोप सरासरी साडेपाच तास. २५ तारखेपासून ५ तारखेपर्यंत रविवारही गेलेला. दोन आठवड्यांतल्या मोठ्या आठवड्याची बेरीज ५८ तास आली, आणि त्यात प्रवास धरलेलाच नव्हता. तो आकडा बघून तो बराच वेळ गप्प बसला. "मला वाटायचं मी आळशी झालोय," एवढंच म्हणाला.

हा आकडा का महत्त्वाचा? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्र मांडलेल्या अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. मनाचा ताण मनातच राहत नाही, तो रक्तदाबात उतरतो, झोपेत उतरतो. लोकलचे तास या हिशोबात नाहीत. आपल्याकडे मात्र ते शरीरातून वजा होतातच.

वही वाचताना गाठ शोधा

चौदा दिवस झाले की "सगळ्यात जास्त कशानं पोखरलं" ही वाक्यं सलग वाचा. बहुतेकांना वाटतं, उत्तर "काम जास्त" असंच येणार. पुष्कळदा तसं येत नाही.

रॉबर्ट कारासेक या अभ्यासकानं १९७९ साली एक साधी गोष्ट मांडली: कामाचा रेटा मोठा असेल आणि त्या कामात स्वतः काही ठरवण्याची मुभा कमी असेल, तेव्हा माणूस सर्वांत जास्त पिचतो. रेटा मोठा पण मुभाही मोठी, तर तोच माणूस दमला तरी शिकतो, टिकतो. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर अनेक वर्षं चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासात खालच्या हुद्द्यांवरच्या लोकांना हृदयविकार जास्त दिसला, आणि कामावरचा ताबा कमी असणं हे त्यामागचं एक मोठं कारण ठरलं. आपल्याकडे हे कुठे दिसतं? कॉल सेंटरमध्ये बाथरूमला जायचं तर सिस्टिमवर ऑक्स, म्हणजे "सध्या कॉल घेत नाही" अशी खूण, टाकावी लागते, आणि महिन्याच्या शेवटी त्या मिनिटांचा हिशोब निघतो. भिवंडीच्या गोदामात हातातलं स्कॅनर पुढचा माल कुठे आहे ते सांगतं आणि वेळही मोजतं. तिथल्या माणसाला "वेळेचं नियोजन शिका" असं सांगून काय होणार? वेळ त्याच्या हातात नसतेच.

दुसरी गाठ मोबदल्याची. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये दाखवलं की घातलेले कष्ट आणि मिळणारा मोबदला यांत सतत तफावत राहिली की तब्येत ढासळते. मोबदला म्हणजे पगार, पण मानसुद्धा, आणि उद्या नोकरी असेल याची खात्रीसुद्धा. एकाच लाइनवर, एकच काम, एक कायम आणि दुसरा कॉन्ट्रॅक्टवर. दुसऱ्याच्या वहीत कामाचे तास तेवढेच असतात, पण "रिन्यू होईल की नाही" हे वाक्य दर दोन दिवसांनी येतं.

तिसरी गाठ गोंधळाची: दोन साहेब, दोन हुकूम, आणि चूक झाली की नाव तुमचं. चौथी माणसांची: टोमणे, सगळ्यांसमोर आवाज चढवणं, ग्रुपवर नाव घेऊन "अमुकचा नंबर लाल का?" असं टाकणं. मी टीम लीडर असताना हे शेवटचं मीही केलं आहे. वरून तसं सांगितलं जायचं. जिचं नाव मी असं टाकलं, त्या मुलीनं दोन महिन्यांत नोकरी सोडली. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

तुमच्या वाक्यांवर खुणा करा. यांतली कुठली गाठ सगळ्यात जास्त वेळा आली? तीच धरायची. चारही एकदम सोडवायला गेलात तर एकही सुटणार नाही.

रक्त तपासा, मग मनाकडे या

थकवा, चिडचिड, विसराळूपणा, रडू येणं ही थायरॉइडचीही लक्षणं असू शकतात, बी-१२ आणि हिमोग्लोबिन कमी असल्याचीही. फॅमिली डॉक्टरांना वही दाखवा आणि या तपासण्या करून घ्या. सगळा दोष ऑफिसवर टाकून शरीरातला बिघाड तसाच राहिला, असं व्हायला नको.

मग बर्नआउट आणि नैराश्य यांतला फरक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं. तिची तीन अंगं: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मन दुरावणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. माझी स्वतःची ढोबळ खूण अशी आहे: गणपतीला गावी गेलात, चार दिवस फोन बंद होता, आणि तिसऱ्या दिवशी जेवणाला चव आली, आरतीला आवाज लागला, तर बहुधा कामाचा थकवा आहे. पण गावीही पहाटे तीनला जाग येते, मोदक समोर असून हात जात नाही, माणसांत बसवत नाही, तर थकवा कामापलीकडे गेलाय. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ गाठायचेच. ही खूण म्हणजे निदान नव्हे. निदान डॉक्टर करतील.

जायचं कुठे? ठाण्यातलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. म्हणजे तपासून, औषध घेऊन घरी यायचं. "ह्याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य आपण लहानपणापासून इतकं ऐकलंय की त्या फाटकातून आत जायला लाज वाटते. ती लाज मी समजू शकते, पण तिच्यापायी उपचार लांबवू नका. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जाता येतं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था समुपदेशन आणि मानसोपचार दोन्ही देते. पहिलं पाऊल जड वाटत असेल तर १४४१६ वर नुसतं बोला. संकटाचीच वाट बघावी लागते असं नाही.

रात्रपाळी असेल तर

ऐरोली, महापे, घणसोलीच्या बऱ्याच इमारतींचे दिवे रात्रभर का चालू असतात ते सगळ्यांना माहीत आहे. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन सोडतो आणि झोप आणतो; उजेड ते थांबवतो. रात्रपाळीत आपण या यंत्रणेशी भांडत असतो, आणि काही आठवड्यांत चिडचिड, उदासी, अपचन सुरू होतं. मन खंबीर असून उपयोग नाही, कारण भांडण शरीराशी आहे.

सकाळी कॅबमधून परतताना गॉगल लावा. शौक म्हणून नाही. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूला वाटतं दिवस सुरू झाला. घरी येऊन हलकं खा, खोली अंधारी करा. जाड चादर खिडकीला टाचली तरी चालते. चहा-कॉफी झोपायच्या सहा तास आधी बंद. आठवड्यातून पाच रात्री जागून सुट्टीला पूर्ण दिवसाचं वेळापत्रक धरलं तर शरीर दर आठवड्याला नव्यानं गोंधळतं, म्हणून सुट्टीच्या दिवशीही झोपेचे निदान तीन-चार तास तेच ठेवा.

खरी अडचण असते घर. कोपरखैरणेच्या बैठ्या घरांत सकाळी दहाला भाजीवाला, कुरियर, शेजारचा मिक्सर, आणि "दिवसा लोळतोय" म्हणणारे नातेवाईक. घरच्यांना एकदा बसून सांगा की सकाळी नऊ ते दुपारी तीन ही माझी रात्र आहे. आईला दाखवा की रात्री दोनला तुम्ही तिला उठवत नाही. दारावर चिठ्ठी लावा, बेलची बॅटरी काढा. माझ्या सासूबाईंनी ही चिठ्ठी स्वतःच्या हातानं लिहिली, त्या दिवसापासून माझी दीड तास झोप वाढली.

ऑफिसकडे मागायची गोष्ट म्हणजे पाळ्यांचा क्रम. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोपा जातो. रात्रीवरून दुपार आणि दुपारवरून सकाळ असा उलटा क्रम जड जातो. रोस्टर बनवणाऱ्याला हे बऱ्याचदा माहीतच नसतं, आणि बदलायला पैसे लागत नाहीत. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षा आणि घरापर्यंत वाहन या अटी आहेत. घरी सोडणारी गाडी मुख्य रस्त्यावरच उतरवत असेल तर तक्रार करा, ती मेहेरबानी नाही.

साहेबांशी बोलणं

इथे बहुतेक जण चुकतात. महिनोन्महिने गप्प बसतात आणि मग एक दिवस अप्रेझलच्या खोलीत सगळं एकदम बाहेर पडतं. समोरचा घाबरतो किंवा चिडतो, आणि हातात काही येत नाही.

एकच मागणी घेऊन जा. ती मोजता येईल अशी असावी आणि तिला मुदत असावी. "मला खूप ताण आहे" यावर साहेब काय करू शकतो? "सांभाळून घे" म्हणेल. त्याऐवजी वहीतून तीन आकडे काढा. त्या बदलापूरच्या मुलानं केलेला मेल साधारण असा होता:

"सर, गेल्या दोन आठवड्यांत माझे कामाचे तास एका आठवड्यात ५८ आणि दुसऱ्यात ५१ झाले. दोन्ही रविवारी आलो, बदली सुट्टी मिळालेली नाही. बँक रिकन्सिलिएशनमध्ये माझ्याकडून तीन चुका झाल्या, त्या तिन्ही रात्री आठनंतरच्या आहेत. पुढचे दोन महिने महिनाअखेरीचं व्हेंडर-पेमेंटचं काम दोघांत वाटून द्यावं आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू द्यावं, ही विनंती. दोन महिन्यांनी आपण एकत्र आढावा घेऊ."

यात रडगाणं नाही, आरोप नाही, आणि कामाचं नुकसान कुठे होतंय तेही सांगितलंय. आधी समोरासमोर बोला, त्याच दिवशी मेल करा. तोंडी कबुली पुढच्या साहेबाबरोबर बदलून जाते.

आजाराचं नाव सांगायचं का? सांगावंच लागतं असं नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. रजेसाठी "वैद्यकीय कारणास्तव विश्रांती" एवढं सर्टिफिकेट पुरतं. साहेब विश्वासू असेल तर सांगितल्यानं मदत होते हेही मी पाहिलंय. पण ज्याच्या तोंडून दुसऱ्यांच्या रजांची कारणं तुम्ही कॅन्टीनमध्ये ऐकली आहेत, त्याला मुळीच सांगू नका. एचआरमध्ये असूनही मी हे सांगते: एचआर शेवटी कंपनीच्या पगारावर असतं. चांगली माणसं आहेत, तरीही महत्त्वाचं सगळं लेखी ठेवा.

कायदा कुठे हाताशी येतो

आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दरानं पैसे, हे दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. मात्र व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या लोकांना ही कलमं लागू होत नाहीत, म्हणून कित्येक ठिकाणी दोन वर्षांच्या अनुभवावर "असिस्टंट मॅनेजर" ही पाटी मिळते. आपलं खरं काम काय आहे ते नेमणूकपत्रात बघा.

लैंगिक छळ होत असेल तर २०१३ च्या कायद्यानं, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. माणसं दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. पुष्कळ बायका "आधी मन सावरू दे" म्हणून थांबतात आणि मुदत निघून जाते. तक्रार आधी द्या, सावरायला वेळ नंतरही मिळतो.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असू शकतं. पगारातून ०.७५ टक्के कापले जात असतील तर ते तुमचेच आहेत, वापरा: दवाखाना मोफत, आणि अंशदानाची अट पूर्ण असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. मनाचा आजारही आजारच आहे. त्याहून जास्त पगार असेल तर कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी वाचा. २०१७ च्या त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीनं धरायला सांगितलं आहे. समुपदेशनाची बाहेरची फी मात्र बहुतेक पॉलिसींत बसत नाही, ती खिशातूनच धरा.

तुम्ही टीम लीडर किंवा मालक असाल तर

योगदिनाची चटई आणि ताणमुक्तीचं वेबिनार यांवर खर्च करण्याआधी तीन गोष्टी करा. रोस्टर दोन आठवडे आधी लावा. ग्रुपवर नाव घेऊन आकडे टाकणं बंद करा. आणि दर महिन्याला प्रत्येकाबरोबर वीस मिनिटं बसून एकच विचारा: कामातली कुठली गोष्ट विनाकारण अडते? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाच्या रचनेत बदल आणि व्यवस्थापकांचं प्रशिक्षण यांवर भर आहे. वागळे इस्टेटमध्ये माझ्या ओळखीच्या एका छोट्या कारखान्यात फक्त रोस्टर आधी लावायला लागल्यावर सोमवारच्या दांड्या कमी झाल्या. लोकांना पोराच्या शाळेची मीटिंग, आईचा डोळ्यांचा डॉक्टर आधी ठरवता आला, एवढंच झालं होतं.

नोकरी सोडायची वेळ

लेखी मागणी दोनदा केली, मुदत संपली, काहीच बदललं नाही, आणि तब्येत उतरतेय. मग सोडण्याचा विचार जरूर करा. फक्त रात्री अकरा वाजता भांडण झाल्यावर राजीनाम्याचा मेल पाठवू नका. किती महिन्यांचा खर्च आणि होमलोनचा हप्ता बाजूला आहे, नोटीस पिरियड किती, ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांना किती कमी आहेत, मेडिक्लेम कुठल्या तारखेला बंद होईल, हे कागदावर मांडा. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. गाढ नैराश्यात घेतलेला निर्णय पुढे वेगळा दिसू शकतो. पगाराच्या स्लिपा आणि तुमचे मेल वेळेत स्वतःकडे ठेवा, कंपनीची माहिती मात्र नको. मुलाखतीला जाल तिथे पगाराआधी विचारा: ही जागा रिकामी का झाली, आणि महिनाअखेरीला तुमची माणसं किती वाजता घरी जातात?

आणि काही बदल मिळाला, तर दोन महिन्यांनी पुन्हा चौदा दिवस वही लिहा. त्या बदलापूरच्या मुलाला घरून काम एकच दिवस मिळालं, दोन नाही. व्हेंडर-पेमेंट मात्र वाटलं गेलं. दुसऱ्या वहीत झोप पावणेसात तासांवर आली होती, आणि "काही नाही" हे चौदापैकी तीनच दिवस होतं. ३० तारीख त्याला अजूनही जड जाते. त्या दिवशीची जेवणाची सुट्टी तो आता माझ्याच टेबलाशी येऊन घेतो.